डाव्या वळणाचं पेन

भाऊसाहेबांच्या घरात पहिलं फाउंटन पेन आलं तेव्हा कोणाला कसलाही संशय आला नाही. एखादं पेन काय, कोणाच्याही घरात येतं. दुसरं आलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अहो, एक होतं ना?" तिसरं आलं तेव्हा त्या काहीच म्हणाल्या नाहीत. बायको काही म्हणत नाही म्हणजे तिची परवानगी आहे, असं समजणाऱ्या भाबड्या नवऱ्यांत भाऊसाहेब मोडत. त्यामुळे त्यानंतर पेनं मोजायचं सगळ्यांनीच सोडून दिलं.

दोष द्यायचाच तर तो वहिनींना द्यावा लागेल. पाणीपुरवठा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस घरात बसला की घराचीच कचेरी करतो. भाऊसाहेबांनी आधी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. मग त्यांना ते पटेना, म्हणून अकारविल्हे लावले. मग एका सकाळी चमच्यांचा खण उघडून ते विचारते झाले, "इतके चमचे लागतात कशाला?" वहिनींनी गॅस बारीक केला, हात पुसले आणि अगदी शांतपणे सांगितलं, "तुम्ही एखादा छंद तरी लावून घ्या, नाहीतर मी नोकरी धरते."

छंद कोणता, हा प्रश्नच नव्हता. भाऊसाहेबांचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. कचेरीत संगणक आले, टेबलं बदलली, साहेब बदलले, पण कोणाचा निरोपसमारंभ निघाला की मानपत्र लिहायला भाऊसाहेबच लागत. घरातही तोच कारभार. बँकेचा अर्ज असो, कुरिअरची पावती असो, दुधवाल्याला ठेवायची चिठ्ठी असो, लिहायचं ते भाऊसाहेबांनी. वहिनी लिहीतच नसत. सही करायची वेळ आली तर पेन मुठीत आवळून, जीभ दातांत धरून कशीबशी करत. "माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय," असं म्हणून उरलेला कागद त्या नवऱ्याकडे सरकवायच्या आणि भाऊसाहेब तो किंचित अभिमानाने घ्यायचे. किंचित हा शब्द त्यांचा. बघणाऱ्याला तो चांगला ढीगभर दिसायचा.

घरात तिसरं माणूस होतं, ते म्हणजे बाई. बाई म्हणजे वहिनींच्या आई. एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या, त्यालाही आता जमाना लोटला होता, पण कोणी त्यांना बाईंखेरीज दुसरं काही म्हणत नसे. जावईसुद्धा बाईच म्हणायचे. बाईंच्या समोर उभं राहिलं की भल्याभल्यांना आपली नखं वाढलीत की काय असं वाटे. जावयाच्या छंदाबद्दल बाईंचं मत अनुकूल होतं. "बॉलपेनने पिढ्या बिघडवल्या," एवढंच त्या म्हणाल्या, आणि तेवढ्या शिफारशीवर भाऊसाहेबांनी आणखी दोन पेनं आणली.

आता या छंदाचं एक आहे. दारूचं व्यसन लागलं तर लोक निदान हळहळतात. पेनांचं व्यसन लागलेल्या माणसाला कोणी गंभीरपणे घेत नाही, उलट सल्ले देतं. शाई सुकू नये म्हणून काय करावं, निब कशाने पुसावी, टोपण किती आवळावं, यावर ज्याने शाळा सुटल्यावर शाईचं तोंड पाहिलेलं नाही तोसुद्धा छातीठोक बोलतो. तळमजल्यावरचे कंपाउंडर हे अशा बोलणाऱ्यांचे अग्रणी. आयुष्यभर दवाखान्यात औषधाच्या बाटल्या भरल्यामुळे पातळ पदार्थ म्हटला की आपलाच प्रांत, अशी त्यांची समजूत होती. समोरच्या दारात इन्शुरन्सवाले राहत. कोणत्याही गोष्टीत पुढे काय वाईट होणार आहे ते आधी सांगणं हा त्यांचा धंदा आणि स्वभावही.

तर अशात एका रविवारी जुन्या बाजारात भाऊसाहेबांना ते पेन दिसलं.

काळंभोर, मध्ये जरा पोट सुटलेलं, सोनेरी निबेचं. विकणारा माणूस जुनी घड्याळं, चष्म्याच्या फ्रेमा आणि नळाच्या तोट्या एकाच चादरीवर मांडून बसला होता. "साहेब, एकाच हातात वापरलेलं पेन आहे," तो म्हणाला. हे वाक्य त्याने नळाच्या तोटीबद्दलही म्हटलं असतं, पण भाऊसाहेब विरघळले. घरी आणून त्यांनी ते धुतलं, पुसलं, निळी शाई भरली, कोरा कागद घेतला, बाह्या सरसावल्या आणि पहिली रेघ ओढली.

पेन लिहीना. म्हणजे अगदीच लिहीत नव्हतं असंही नाही. एक अक्षर उमटायचं, दोन गाळायचं आणि तिसऱ्याला कागद ओरबाडायचं. भाऊसाहेबांनी पेन झटकलं, तर शाई भिंतीवर गेली. हलक्या हाताने लिहिलं, जड हाताने लिहिलं, उभ्याने लिहिलं. ज्या माणसाच्या अक्षरापुढे तीन साहेबांनी मान तुकवली, त्याला एक जुनं पेन जुमानेना. त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

कंपाउंडरांनी पेन हातात घेऊन नाडी पाहावी तसं पाहिलं. "आत गाठ झालीय. कोमट पाण्यात भिजत घाला. सुटेल."

"कोमट पाण्याने निब फुगते," इन्शुरन्सवाले म्हणाले. "माझ्या साडूची फुगली होती."

"निब कशी फुगेल? ती काय शेंग आहे?"

"मी आपलं सांगून ठेवलं. मग म्हणू नका सांगितलं नाही म्हणून."

भाऊसाहेबांनी वैद्यकीय मत मानलं. न्हाणीघरातल्या फळीवर त्यांनी एका स्टीलच्या पेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात निब सोडली. दुपारी येऊन निब काढून घेतली, उजेडात निरखली, आणि त्या नादात पेला ओतायचा राहिला. आता स्टीलच्या पेल्यात एक वाईट खोड असते. आत पाणी आहे की शाई, हे चष्मा नसलेल्या माणसाला कळत नाही. बाई दुपारी वामकुक्षीला जाताना कवळी काढून त्याच फळीवरच्या पेल्यात ठेवत. त्यांनी ती ठेवली. उठल्यावर तोंड धुऊन लावली आणि वाचनालयात मुलांच्या हस्ताक्षर स्पर्धेचं परीक्षण करायला निघून गेल्या.

बाई सहसा हसत नसत. पण त्या दिवशी मुलांची अक्षरं पाहून त्यांना भरून आलं, आणि प्रत्येक बक्षिसाला त्या दिलखुलास हसल्या. समोर बसलेल्या पन्नासेक मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनी ते निळं हसू पाहिलं. एकाचीही सांगायची छाती झाली नाही. बाईंनी स्वतः ते पाहिलं घरी येऊन आरशात. तिथून बाहेर आल्या त्या तोंड मिटून, आणि जावयाकडे नुसतं पाहिलं. भाऊसाहेब तीस वर्षं बाईंचे जावई होते, पण बाईंचे विद्यार्थी काय भोगत असतील ते त्यांना त्या क्षणी कळलं. पेनांबद्दलची बाईंची शिफारस त्या संध्याकाळी रद्द झाली.

पुढच्या आठवड्यात बाई वाचनालयात गेल्या असताना भाऊसाहेब पुन्हा त्या काळ्या पेनाशी झटत बसले होते. दहा मिनिटांनी त्यांनी ते टेबलावर आपटलं आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले. वहिनी टेबल पुसायला आल्या. उजव्या हातात ओलं फडकं. पेन गडगडत कडेला निघालं म्हणून त्यांनी ते डाव्या हाताने पकडलं. टोपण काढलेलंच होतं, समोर कागद होता. हात कसा गेला ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी लिहिलं, "आज पाणी उशिरा आलं."

पेन कुरकुरलं नाही, अडलं नाही. शाई झुळझुळ उतरली. भाऊसाहेबांनी मान वळवली तेव्हा कागदावर एक गोल, टपोरी, जरा मागे रेललेली ओळ होती आणि वहिनींनी पेन विस्तव हातात आल्यासारखं खाली टाकलं होतं. सगळ्यात आधी त्यांनी पाहिलं ते दाराकडे.

"हे तू लिहिलंस?" भाऊसाहेब म्हणाले.

"चुकून."

"पुन्हा चूक बघू."

वहिनींनी फडकं ठेवलं, हात कोरडा केला आणि आणखी एक ओळ लिहिली. मग आणखी एक. भाऊसाहेब वाकून बघत राहिले. हळूहळू त्यांच्या डोक्यात उजेड पडला. ते पेन ज्याच्या हातात वर्षानुवर्षं झिजलं, तो माणूस डावखुरा असला पाहिजे. निब त्याच बाजूने घासून तिरकी झाली होती. उजव्या हाताला ती बधणार नव्हती, मग तो हात हेडक्लार्कचा का असेना.

"पण तू डावखुरी कधीपासून?"

"जन्मापासून," वहिनी म्हणाल्या. "आईच्याच वर्गात होते ना मी. मुख्याध्यापिका होणार होती ती पुढे. बाईंचीच मुलगी डाव्या हाताने लिहिते म्हटल्यावर लोक काय म्हणतील? मग माझ्या वेणीची रिबीन सोडून ती डावा हात बाकाला बांधायची. घट्ट नाही हं. नुसता लक्षात राहण्यापुरता."

'घट्ट नाही हं' हे शब्द ऐकून भाऊसाहेबांना कसंतरी झालं. इतकी वर्षं ही कागद आपल्याकडे सरकवत आली आणि आपण तो घेत आलो, वर मिशीतल्या मिशीत हसत आलो. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि ते वहिनींच्या हातात दिलं. "हे तुझं," ते म्हणाले. पेनांच्या छंदातला माणूस आपलं पेन कोणाला उसनंसुद्धा देत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच या दानाची किंमत कळेल.

त्यानंतर त्या घरात एक प्रकरण सुरू झालं. प्रकरण असंच म्हणावं लागेल, कारण पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं दार लोटून, कुजबुजत, कान बाहेर ठेवून स्वयंपाकघरात बसायला लागली. बाई वाचनालयात गेल्या की वहिनी ओट्यावर कागद पसरायच्या. सुरुवातीला भाजीच्या याद्या लिहिल्या. घरात कोबी असतानासुद्धा 'कोबी' लिहिलं, कारण 'को' फार सुरेख यायचा. मग दूरच्या बहिणीला पत्र लिहिलं. मग मनातलं काय काय लिहिलं, ते भाऊसाहेबांनी वाचलं नाही. ते दाराशी पहारा करत उभे असायचे. दुधवाल्याची चिठ्ठीसुद्धा आता वहिनीच लिहीत. पहिल्यांदा ती गोल ओळ पाहिल्यावर दुधवाल्याने विचारलं, "साहेब आजारी आहेत का?" हे भाऊसाहेबांना जरा लागलं. पण वहिनी दिवसभर काहीतरी गुणगुणत असायच्या, त्यामुळे त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

एकच भीती होती, बाईंना कळण्याची. वयाने एवढ्या वाढलेल्या लेकीला आईची कसली भीती, असं कोणी म्हणेल. त्याने त्या बाईंसमोर एकदा उभं राहून दाखवावं. आणि नुसती भीतीच नव्हती. इतक्या वर्षांनी हाती लागलेला हात आई पुन्हा एका शब्दात काढून घेईल आणि आपण मुकाट्याने देऊन टाकू, याची वहिनींना धास्ती होती. तसं त्या एकदा भाऊसाहेबांना म्हणाल्याही.

पण डावखुऱ्या माणसाचं शाईशी एक वैर असतं. हात ओल्या अक्षरांवरून पुढे सरकतो आणि करंगळीखालची कड निळी होते. साबणाने घासली तरी दोन दिवस जात नाही. एके दिवशी वहिनी चहा घेऊन आल्या आणि बाईंनी कपाऐवजी हाताकडे पाहिलं.

"हे निळं कसलं?"

"यांची दौत उचलली," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

भाऊसाहेब नको तेव्हा शूर होत. त्यांनी आत जाऊन स्वतःच्या डाव्या हाताची कड शाईच्या झाकणात बुडवली, बाहेर येऊन ती बाईंना दिसेल अशी खुर्चीच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "माझाही बघा ना. हल्ली मी डाव्या हाताने लिहितो. मेंदूला बरं असतं म्हणतात."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाईंनी चष्मा लावला. "बघू. लिहून दाखवा."

भाऊसाहेबांनी लिहिलं. डाव्या हाताचा मळ असं आपण सोप्या कामाला म्हणतो. ज्याने कोणी हे म्हटलं त्याने डाव्या हाताने स्वतःचं नाव लिहून पाहिलेलं नाही. कागदावर जे उमटलं ते बाईंनी उलटसुलट धरून पाहिलं. मग त्यांनी कपाटातून चार रेघी वही काढली, वर एक ओळ घालून दिली आणि म्हणाल्या, "रोज एक पान. संध्याकाळी तपासायला आणायचं."

मानपत्रांचे बादशहा भाऊसाहेब त्या दिवसापासून रोज ग म भ न गिरवू लागले. संध्याकाळी बाईंच्या खुर्चीशेजारी उभं राहायचं आणि लाल पेन्सिल वहीवरून फिरताना बघायची. 'भ'ची गाठ सुटली म्हणून त्यांना तो सबंध ओळभर पुन्हा लिहावा लागला. कंपाउंडरांनी ही बातमी जिन्यात सगळ्यांना सांगितली. इन्शुरन्सवाले भेटायला येऊन म्हणाले, "अशा वयात अचानक हात बदलणं हे लक्षण चांगलं नाही. तपासून घ्या." एवढं सगळं भाऊसाहेबांनी सोसलं, कारण आत स्वयंपाकघरात ते काळं पेन निवांत चाललं होतं.

आणि मग ती संध्याकाळ आली. भाऊसाहेबांची वही बघता बघता बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि जरा मोठ्यानेच म्हणाल्या, "जमेल हळूहळू. डाव्या हाताने लिहिलं म्हणून काही आभाळ कोसळत नाही. ज्याला जो हात सोपा, त्याने त्या हाताने लिहावं."

आत काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. भाऊसाहेब आत गेले तेव्हा वहिनी पेनाचं टोपण लावत होत्या.

"ऐकलंत?" त्या म्हणाल्या. "जावयाला आभाळ कोसळत नाही. माझ्या वेळेला मात्र कोसळत होतं."

त्यांनी पेन नेऊन बाकीच्या पेनांत ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी दुधवाल्याची चिठ्ठी त्यांनी पुन्हा नवऱ्याकडे सरकवली. भाऊसाहेबांनी ती सुंदर अक्षरात लिहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या अक्षराचा राग आला. वहिनींनी गुणगुणणंही सोडलं. भाऊसाहेबांनी दोनदा विषय काढला. "मी उगीच लोभ धरला होता," एवढंच त्या म्हणाल्या.

वापरात नसलेलं पेन भरलेलं ठेवलं तर आत शाई सुकते. म्हणून चार दिवसांनी भाऊसाहेब ते काळं पेन धुवायला बेसिनशी उभे राहिले. मन थाऱ्यावर नव्हतं. ते पाणी भरत होते, सोडत होते, भरत होते, सोडत होते, आणि ते बेसिनमध्ये कमी आणि फरशीवर जास्त पडत होतं. बाई तिकडून आल्या. पुढचं सांगायला नको. बाईंचं उजवं मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि वर चौकशी केली, "आजी, पडलात कशा?" बाई म्हणाल्या, "जावयाला छंद आहे." भाऊसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर ते सगळी पेनं खोक्यात भरून जुन्या बाजारात द्यायला निघाले होते. बाईंनीच त्यांना दारात अडवलं. "गुन्हा फरशीने केला. पेनं कुठे नेता?" त्या म्हणाल्या. भाऊसाहेबांनी ते खोकं जागच्या जागी ठेवलं.

आणि संकट कधी एकटं येतं का? नेमका तोच महिना बाईंच्या हयातीच्या दाखल्याचा होता. पेन्शन घेणाऱ्या माणसाने वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत असं सहीनिशी लिहून द्यायचं असतं. भाऊसाहेब आणि वहिनी त्यांना घेऊन पेन्शन कचेरीत गेले. खिडकीमागे एक तरुण मुलगी होती. तिने प्लास्टर पाहिलं, हळहळली आणि शाईची गादी पुढे केली. "आजी, अंगठा द्या. एका मिनिटाचं काम."

"अंगठा?" बाई म्हणाल्या. "अख्ख्या गावाला सही शिकवली मी. मी अंगठा देणार नाही."

"मग सही लागेल."

"पोरी, मी जिवंत आहे हे तुला दिसतंय ना?"

"दिसतंय ना."

"मग तूच लिही तसं."

"तसं चालत नाही, आजी. तुम्ही आहात असं तुम्हीच म्हणायचं असतं."

भाऊसाहेब पुढे सरसावले. आयुष्य कचेरीत गेलेलं, कचेरीची भाषा त्यांना येत होती. नियम काय, पोटनियम काय, असं करत त्यांनी साहेबांपर्यंत मजल मारली. साहेब सज्जन होते. सही बदलल्याचा अर्ज द्या, ते म्हणाले, आणि डाव्या हाताने का होईना, माझ्यासमोर तीन सह्या करा, तीनही सारख्या आल्या पाहिजेत. बाईंनी डाव्या हातात पेन घेतलं. पहिली सही रेघेबाहेर गेली, दुसरी कागदाबाहेर. साहेबांनी नरमाईने सांगितलं, "घाई नाही. पुढच्या आठवड्यात या."

बाई घरी येऊन खुर्चीत बसल्या. त्या दिवशी भाऊसाहेबांची वही तपासायला घेतली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी हाक मारली, जावयाला नाही, मुलीला.

"इकडे ये. डाव्या हाताने कसं लिहायचं ते मला शिकव."

वहिनी दारातच थबकल्या. "यांना विचार ना. तुझे विद्यार्थी आहेत ते."

"त्यांची वही मी रोज बघते," बाई म्हणाल्या. "त्यात शिकण्यासारखं काही नाही."

भाऊसाहेब कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून बसले होते. ते त्यांनी जरा वर केलं.

"मला काय येतंय?" वहिनी म्हणाल्या.

"मुख्याध्यापिका होते मी. आंधळी नव्हते. यांचा हात त्या दिवशी निळा होता तो झाकणात बुडवून. तुझा निळा व्हायचा तो लिहून. मला फरक कळत नाही?" बाई थांबल्या. "त्या संध्याकाळी आभाळ कोसळत नाही म्हटलं ना मी, ते मी यांना सांगत नव्हते. यांचं काय कोसळणार आहे? मी आत ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलले. तुझ्या तोंडावर सांगायचं धाडस नव्हतं मला. आणि तू लिहायचंच थांबलीस."

वहिनी दारातून पुढे आल्या. बाईंनी प्लास्टरातला हात मांडीवरून जरा उचलला आणि पुन्हा ठेवला. "हा असा बांधून बसल्यापासून रोज वाटतं, केवढीशी होतीस तू. चुकलंच माझं. फार चुकलं."

"घट्ट नव्हता बांधलास," वहिनी म्हणाल्या.

"सैल काय आणि घट्ट काय," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता, कारण डाव्या हातात त्यांनी पेन धरून ठेवलं होतं. वहिनींनी ते पुसले. मग आत जाऊन त्या काळं पेन घेऊन आल्या, कागद उजवीकडे कलता ठेवला आणि आईच्या बोटांवर आपली बोटं ठेवली. "पेन ओढायचं नाही, आई. ढकलायचं. आणि मान सैल सोड." वर्तमानपत्रामागे भाऊसाहेब केव्हाचे एकच पान वाचत होते.

पुढच्या आठवड्यात तिघं पुन्हा साहेबांसमोर उभी राहिली. मागे रांग होती. कंपाउंडर आणि इन्शुरन्सवालेही 'काही लागलं सवरलं तर' म्हणून आले होते. बाईंनी काळं पेन घेतलं आणि सावकाश तीन सह्या केल्या. तीनही गोल, टपोऱ्या, जरा मागे रेललेल्या. साहेबांनी कागद उचलून धरला.

"आजी, कमाल केलीत. इतक्या थोड्या दिवसांत? कोणी शिकवलं?"

बाईंनी मान ताठ केली. शाळेच्या पटांगणात शेवटच्या रांगेपर्यंत जायचा तो आवाज अजून शाबूत होता.

"माझ्या मुलीने," त्या म्हणाल्या. "ती डावखुरी आहे. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे."

सगळी रांग वळून बघायला लागली. वहिनी लाल झाल्या. साहेबांनी मूळ दाखल्याचा कोरा अर्ज पुढे सरकवला. "आता हा एवढा कोणीतरी भरून द्या." भाऊसाहेबांचा हात सवयीने पुढे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला. वहिनींनी अर्ज स्वतःकडे ओढला, आईच्या हातातून पेन घेतलं, आणि त्या सगळ्या लोकांसमोर डाव्या हाताने आईचं नाव लिहायला लागल्या.